झोपेवरचा संशय

त्या सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये मला झोप लागली, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. डांगे चौकात बसले तेव्हा खिडकीची काच कपाळाला गार लागली होती, एवढं आठवतं. त्यानंतर एकदम ड्रायव्हर चिमाजी डोक्याशी उभा राहून म्हणत होता, "मॅडम, निघोजे आलं. उतरताय, का गाडीबरोबर तुम्हालाही धुऊन काढू?" बस रिकामी होती. पोरी उतरताना माझ्याकडे बघून हसल्या असणार, कारण माझं तोंड उघडं होतं आणि ओढणीला ओला डाग पडला होता. तळवड्याच्या चौकातली रोजची कोंडी, हॉर्नची बोंबाबोंब, यातलं काही म्हणजे काही मला कळलं नव्हतं. बाबा गेल्यापासून मी अशी झोपले नव्हते. रात्री डोळे मिटायचे, पण ती झोप नव्हे. दाराबाहेर कुणीतरी उभं आहे आणि आता कडी वाजवेल, अशा बेतानं अंग पडून राहायचं. आणि आता ही अशी, तान्ह्या पोरासारखी लाळ गाळणारी झोप. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की काल त्या लोकांनी चहात काही घातलं तर नव्हतं?

हसण्यासारखं आहे, पण माझं पोटच संशयावर चालतं. ब्रेकला लागणारे बारीकसारीक भाग बाहेरच्या वर्कशॉपांतून बनून आमच्या कंपनीत येतात. ते आत घ्यायचे की आल्या टेम्पोनं परत धाडायचे, हे मी ठरवते. माल आणणारा प्रत्येक जण सांगतो, मॅडम, एक नंबर माल आहे, डोळे झाकून घ्या. डोळे झाकून घ्या म्हणणाऱ्याची पेटी मी आधी फोडते. पेटीतला वरचा थर तर कधी बघतच नाही, कारण वरचा थर माझ्यासाठी लावलेला असतो; हात कोपरापर्यंत आत घालून तळातला भाग काढते. खात्यातली पोरं माझ्या पाठीमागे मला शंकासुर म्हणतात. एकदा जिन्यात माझ्या कानावर आलं. वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं, कारण बाबांनी ऐकलं असतं तर खूश झाले असते. लग्नाचं वय होतं तेव्हा आलेल्या स्थळांनाही मी असाच तळातून हात घातला, आणि त्यातलं एकही पास झालं नाही. आई म्हणायची, तुझ्या बापानं तुला नुसत्या शंका पाजल्या. खरं होतं ते. नाक आईचं घेतलं, बाकी सगळी मी बाबांची.

माझे आजोबा दीक्षा घेऊन गावी परतले तेव्हा त्यांनी घरातले देव टोपलीत भरून ओढ्यात सोडले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुणापुढे उभं राहून काही मागायचं नाही, असा नियम झाला. बुद्धाला वंदन करायचं, पण त्याच्याकडे मागायचं नाही, कारण तो काही देत नाही. हे बाबा असं सांगायचे, की न देणं हाच त्याचा मोठेपणा. पिंपरीच्या एका कारखान्यात ते भट्टीवर होते. भट्टीवरच्या माणसाला बडबड परवडत नाही, पण घरी आले की त्यांची जीभ सुटायची. कुणी म्हणालं, किसनदादा, देव आहे हो, की बाबा म्हणत, पत्ता द्या, भेटून येतो. शाळेतून मी काही ऐकून आले की त्यांचा ठरलेला प्रश्न असे: सांगणाऱ्याचा यात फायदा काय? दवाखान्यात ते डॉक्टरांनाही सोडत नव्हते. भट्टीनं फुप्फुसं खाल्लेली, दोन वाक्यांमध्ये दम लागायचा, तरी प्रत्येक सुईपाशी नर्सचा हात धरून विचारायचे, ही कशाची, कशासाठी, काल तर दुसरी दिली होती. नर्सा वैतागायच्या. मग एका दुपारी नर्स आली, सुई टोचली, निघून गेली, आणि बाबांनी काही विचारलं नाही. नुसते छताकडे बघत राहिले. आई म्हणाली, आज बरं वाटतंय वाटतं, शांत हायेत. मला मात्र तेव्हाच कळलं. मी बाहेर जाऊन पाण्याच्या यंत्रापाशी उभी राहिले आणि पाणी न पिता परत आले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मंडपात भाषणं झाली. कामगार चळवळीतले किसनदादा, समाजाचे किसनदादा, विहारासाठी झटणारे किसनदादा. सगळं खरं होतं. मी पांढऱ्या साडीत पुढच्या रांगेत बसले होते, आणि मला राहून राहून वाटत होतं की हे कुणा दुसऱ्याविषयी बोलताहेत. पेपर वाचताना पायाचा अंगठा हलवणाऱ्या, कलिंगडवाल्याशी तासभर हुज्जत घालून शेवटी त्यालाच फोड खायला लावणाऱ्या माणसाविषयी कुणी एक शब्द काढत नव्हतं. भन्तेजी म्हणाले, सगळं अनित्य आहे. ते मला पटलेलंच होतं, लहानपणापासून पटलेलं होतं. पण पटलेल्या गोष्टीचा झोपेला काही उपयोग होत नाही. माझा भाऊ धम्मा ताथवड्याला राहतो, तो पाहुणे गेल्यावर हमसून रडला आणि मोकळा झाला. आई रडली. मी भांडी मोजून मंडपवाल्याच्या हवाली केली आणि दुसऱ्या दिवसापासून शिफ्टला गेले.

सुवार्ता पाटोळे आमच्या स्टोअरमध्ये आहे. नगरकडची, तिचे पणजोबा कधीतरी ख्रिस्ती झालेले, त्यामुळे तिला तो धर्म म्हणजे आपल्याला आपलं आडनाव वाटतं तसा वाटतो. त्याची फुशारकी नाही आणि लाजही नाही. बाबा गेल्यावर कंपनीतल्या प्रत्येकानं माझ्यापाशी येऊन काही ना काही सांगितलं. वय झालं होतं, सुटले बिचारे, तुम्ही आता आईकडे बघा. सुवार्ता काही बोलली नाही. जेवणाच्या सुट्टीत रोज माझ्या शेजारी येऊन बसू लागली, इतकंच. आठवडाभर मी वाट बघितली की आता ही विषय काढेल. मग एके दिवशी डबा बंद करता करता म्हणाली, "रविवारी येतेस का गं आमच्याकडे प्रार्थनेला? काही करायचं नाही. नुसतं बसायचं."

नुसतं बसायचं! आमच्या भागात नुसतं बसायला बोलावणारी माणसं मी चांगली ओळखते. नुसतं बसा म्हणून विमा विकतात, चाकणच्या पुढे माळावरचे प्लॉट विकतात, गुडघेदुखीची पावडर विकतात. मी विचारलं, "यात तुझा काय फायदा?" तिनं खरोखर थोडा विचार केला. "काळेवाडीपर्यंत रिक्षात सोबत होईल," ती म्हणाली. या उत्तरानं मी चिडले आणि या उत्तरामुळेच गेले. आईला सांगितलं, रविवारचा ओव्हरटाइम आहे. तिनं डबा करून दिला.

फरशीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ती खोली होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, निघून जाता येईल अशी बसले आणि सुरुवात केली ती पाहणीनं. पास्टर चाकणला एका कंपनीत नोकरी करणारा, बारीक अंगाचा, घसा बसलेला माणूस. त्याला सर्दी झाली होती आणि बोलताना तो मधूनच नाक पुसत होता. मी वाट बघत होते, आता कुणीतरी किंचाळेल, आता कुणी थरथरत खाली पडेल, आता माझ्या डोक्यावर हात ठेवतील. कारण असलं एक मी पाहिलेलं होतं. आठ-नऊ वर्षांची असेन, मैदानावर मोठा मंडप घालून कुणी बाहेरगावचा उपदेशक आला होता, आणि बाबा मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले होते. एका लंगड्या माणसाला वर नेलं, गलका झाला, त्यानं कुबड्या टाकल्या आणि तो चालला. टाळ्या. माझेही हात टाळीला गेले. बाबांनी माझं मनगट धरलं आणि मला मंडपाच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं आम्ही थांबलो. गर्दी पांगल्यावर तो माणूस आला, खाली वाकून त्यानं आपल्या कुबड्या गोळा केल्या, काखेत घेतल्या आणि खुरडत निघाला. बाबा त्याला ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी त्याला टपरीवर चहा पाजला. चहा पिता पिता तो माणूस बाबांना म्हणाला, "शपथेवर सांगतो दादा, वर होतो तेव्हा खरंच चाललो." घरी येईपर्यंत बाबा ते वाक्य म्हणून म्हणून हसत होते, आणि मीही हसत होते. पण मला तो माणूस खोटं बोलतोय असं वाटलं नव्हतं, आणि हे मी बाबांना कधी सांगितलं नाही.

त्या पहिल्या रविवारी कुणी किंचाळलं नाही, कुणी माझ्या डोक्याला हात लावला नाही. गाणी झाली, चहा झाला, सगळे घरी गेले. मला जवळजवळ फसवल्यासारखं वाटलं. वरचा थर इतका साधा ठेवलाय म्हणजे तळात नक्की काहीतरी आहे, असं धरून मी दुसऱ्या रविवारी पुन्हा गेले. त्या दिवशी पास्टरनी येशूच्या मित्राची गोष्ट वाचली. मित्र मेलेला, त्याला कबरीत ठेवून चार दिवस झालेले, बहिणी रडताहेत. येशू येतो, आणि त्याला माहीत आहे की आपण आता याला उठवणार आहोत. आणि तरी तो रडतो. पास्टर पुढे गेले, मित्र उठला, अंगाला गुंडाळलेल्या पट्ट्या सोडल्या वगैरे. मी त्या रडण्यापाशीच अडकून बसले होते. जो घटकाभरात मेलेल्याला उठवणार आहे त्याला रडायचं कारण काय? हे बसत नव्हतं. रिक्षात मी सुवार्तेला विचारलं, "उठवायचंच होतं तर रडला कशाला?" ती म्हणाली, "ते मला नाही माहीत बाई. रडला एवढं खरं." तिला अडवलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण रिक्षा काळेवाडी फाट्यावर खड्ड्यांतून हिंदकळत असताना माझ्या डोक्यात भलतंच काही सुरू झालं. खोटे रिपोर्ट मी आयुष्यभर पाहिलेत. खोट्या रिपोर्टात सगळी मापं एकसारखी असतात. ज्यानं एकही भाग न मोजता टेबलाशी बसून आकडे भरलेत त्याच्या आकड्यांत कधी फरक येत नाही. खरं मोजलं की कुठेतरी एक माप वाकडं येतंच. ही गोष्ट कुणी लोकांना भुलवायला रचली असती, तर त्यानं हे रडणं काढून टाकलं असतं. देवाला असं रडकं कोण ठेवेल? हे वाकडं माप कुणीतरी बघितलंय, म्हणून राहिलंय. असं वाटलं, आणि त्याच वेळी मी भर रस्त्यात, रिक्षाच्या दांड्याला धरून रडायला लागले. रिक्षावाल्यानं आरसा वर केला. सुवार्ता तिच्या बाजूनं बाहेर बघत बसली. आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती झोप.

तो आठवडा मी माझ्याच मागावर होते. रोज सकाळी उठून चाचपायचे, दुःख आहे ना जागेवर? होतं, पण त्याची धार गेली होती, आणि धार कुणी घासून नेली हे मला कळत नव्हतं. मंगळवारी जेवताना मी हसले. चिमाजीनं काहीतरी पाचकळ विनोद केला होता, मी हसले, आणि हसता हसता लक्षात आलं की सकाळपासून बाबांची आठवण झाली नाही. हातातला घास मी परत डब्यात ठेवला. म्हणजे असं असतं तर! बरं वाटणं म्हणतात ते हे. माणूस आतून उचलून नेतात आणि त्या जागी गारवा ठेवतात. बाबा असते तर म्हणाले असते, दुखणाऱ्या माणसाला काहीही विकता येतं, पोरी. ते मला ऐकूही आलं, त्यांच्याच आवाजात, आणि या गोष्टीचं मला केवढं बरं वाटलं! म्हणजे शंका घेतली की बाबा जवळ येत होते, आणि शंका सोडली की झोप येत होती. दोन्ही एकदम हाती लागत नव्हतं. सुवार्तेशी मी दोन दिवस बोलले नाही. ती तरीही शेजारी येऊन बसली आणि तिनं माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घेतलं. गुरुवारी एका जुन्या, चांगल्या वर्कशॉपचा माल आला, काही खोट नव्हती, तरी मी अख्खा टेम्पो रिकामा करून तपासायला लावला. पोरं कुरकुरली. मला फक्त हे बघायचं होतं, की मी अजून मीच आहे.

तिसऱ्या रविवारी मी ठरवून गेले, की आज शेवटचं. पुढच्या रांगेत बसले, तोंडावर प्रश्न विचारायचे म्हणून. गाणी झाल्यावर पास्टरनी विचारलं, कुणाच्या मनावर ओझं आहे का, असेल तर उभं राहून सांगा. एका बाईनं मुलाच्या नोकरीचं सांगितलं. एकाची दारू सुटत नव्हती. आणि मग मी उभी होते. कशी उठले हे मला आजही सांगता यायचं नाही. गुडघ्यांनी मला विचारलं नाही. म्हणाले, "माझे वडील गेले." पास्टरनी नाक पुसलं. "गेलेल्यांसाठी आम्ही मागणी करत नाही, ताई. ते त्याच्या हातात आहेत. आम्ही मागे राहिलेल्यांसाठी करतो. पण नाव सांगा, म्हणजे कोण गेलं ते आम्हाला कळेल." आणि मी सांगितलं. किसन. भट्टीवर काम करायचे. पेपर वाचताना अंगठा हलवायचे, असंही सांगितलं. मंडपात जे कुणी बोललं नव्हतं ते सगळं मी त्या अनोळखी लोकांत, फरशीच्या दुकानावर, उभी राहून बोलले. मग ते सगळे एकदम प्रार्थना करू लागले, आपापल्या शब्दांत, मोठ्यानं, आणि त्या गलक्यात वेगवेगळ्या तोंडून मला ते नाव ऐकू येत होतं, किसनरावांच्या लेकीला, किसनदादांच्या घराला, आणि मी थंडीत आंघोळीचं कढत पाणी अंगावर घ्यावं तशी उभी होते. प्रार्थना संपली. सगळे म्हणाले, आमेन. आणि माझ्या तोंडून, सवयीनं, खड्या आवाजात निघालं, "साधु, साधु, साधु!"

सगळी खोली माझ्याकडे वळली. आमच्याकडे वंदना झाली की तीनदा साधु म्हणतात; लहानपणापासून काही पुटपुटणं संपलं की माझी जीभ आपोआप तिकडे जाते, ते मी काय करणार? एक पोरगी फिसकन हसली. माझे कान तापले. पास्टर माझ्याकडे बघून नुसते हसले आणि पुढच्या गाण्याचं सांगितलं. मी खाली बसले तेव्हा मागच्या खुर्चीतले साहेबराव म्हणून एक म्हातारे आहेत, ते पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "लाजू नको, पोरी. मी बी तिकडचाच. केस पिकले इथं, पण अजून आधी मनात साधु म्हणून घेतो. त्याबिगर आमेन तोंडातून निघत नाही." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि डोळ्यांत पाणी असतानाच मला शंका आली, की या म्हाताऱ्याला माझ्यामागे मुद्दाम आणून बसवलं तर नाही?

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. आई ओट्याशी जमिनीवर बसून लसूण सोलत होती. माझा डबा तिनं हातात घेतला, उघडला नाही, बाजूला ठेवला.

"कुठं जातीस रविवारची?"

"कंपनीत."

"कंपनीतनं आलीस की तुझ्या कपड्याला तेलाचा वास येतो. दोन बादल्या पाण्यानं जात न्हाई. रविवारच्या कपड्याला न्हाई येत." तिनं लसणीची पाकळी नखानं फोडली. "मला वाटलं कुणी माणूस भेटला असंल. बरं वाटलं हुतं मला."

मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. मी तिच्यासमोर भिंतीला टेकून बसले आणि सगळं सांगितलं. सुवार्तेचं, काळेवाडीचं, गोष्टीचं, बसमधल्या झोपेचं. सांगताना तिच्या तोंडाकडे बघत होते, आता ओरडेल, आता आजोबांनी ओढ्यात सोडलेल्या देवांची टोपली काढेल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "झोप लागती तिथं गेल्यावर?"

"आल्यावर लागते."

"मला न्हाई लागत," ती म्हणाली. भाजी संपली म्हणावं तशी. मी काही बोलायच्या आत तिनं हात वर केला. "जात जा. तुझं मन तुझं हाय, मी न्हाई अडवायची. धम्माला पण सांगत न्हाई. पण त्यांचं नाव तिथं काढू नको. ते जल्मात कुणाम्होरं मागायला उभं राहिले न्हाईत. मालकाम्होरं न्हाई, डाक्टरम्होरं न्हाई. आता ते न्हाईत तर त्यांच्या नावानं तू मागू नको. त्यांना माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

खोटं बोलता आलं असतं. हो म्हणाले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती, पुढचा रविवार मोकळा झाला असता. पण आईनं लसूण खाली ठेवला होता आणि ती माझ्याकडे, मी पेटीत हात घालताना बघते तशी बघत होती.

"काढलं, आई. आज सकाळी."

"किती माणसांत?"

"सगळ्यांत. त्यांनी प्रत्येकानं घेतलं."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओघळलं. राग नव्हता तो. राग मला चालला असता. भर बाजारात हातातलं पोर कुणी घेऊन गेलं आणि आता कळलं, असा चेहरा होता. मला बाबा गेले त्या दिवसापेक्षाही त्या क्षणी जास्त भीती वाटली. मी पुढे होऊन तिचा हात धरायला गेले, तो तिनं मागे घेतला. लसणीची साल पदरावर पडली होती ती झटकली. मग अगदी साध्या आवाजात, शेजारणीकडे पातेलं राहिलंय म्हणून सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मग जा अन् घिऊन ये."

"काय?"

"नाव. त्यांना म्हणावं, माझ्या आईनं मागितलंय."

थट्टा करते आहे का म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. तिनं लसूण पुन्हा हातात घेतला आणि सोलायला लागली, म्हणजे तिच्यापुरतं बोलणं संपलं होतं. तिला समजावण्यासारखं माझ्यापाशी पुष्कळ होतं. की आई, नाव म्हणजे नुसता आवाज. तोंडातून निघाला, हवेत विरला, संपला. ते काही कुठे जाऊन बसत नाही, कुणी ते ठेवून घेत नाही, आणि नसलेली वस्तू परत मागता येत नाही. बाबांनी हेच सांगितलं असतं, आणि दोन वाक्यांत सांगितलं असतं. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पण मी उठले, ओढणी घेतली, चप्पल घातली आणि जिना उतरले. बाहेर भर दुपारचं ऊन होतं, चौकात भाजीवाल्या छत्र्यांखाली पेंगत होत्या. काळेवाडीची रिक्षा मिळायला वेळ लागला. खोलीला आता कुलूप असेल, पास्टरचं घर कुठे आहे हे सुवार्तेला विचारावं लागेल, आणि ते भेटले तर त्यांना हे कुठल्या तोंडानं सांगायचं, याचा मी वाटभर विचार करत होते. ते हसतील का, देणार नाहीत का, दिलं तर ते हातात कसं घ्यायचं, या सगळ्याची मला शंका होती. नाव तिथं आहे याची मात्र नव्हती. रिक्षावाल्यानं कुठे उतरायचं विचारलं, आणि मी त्याला फरशीच्या दुकानाचा पत्ता सांगितला.